क्रांती नेमकी कुठं नासते ते शोधत वाचायचं कसं

राजकीय रूपककथा हातात घेतली की बहुतेक लोक पहिल्या पानापासून एकच काम करतात, हा डुक्कर म्हंजे कोण, तो घोडा म्हंजे कोण, आणि नावं जुळली की पुस्तक समजलं म्हणून मिटून ठेवतात. नावं जुळवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे आणि ते शेवटी करायचं असतं. खरं काम हे, की ज्यांनी अन्यायाविरुद्ध उठाव केला त्यांच्याच हातात सत्ता आल्यावर त्यांचे नियम कुठल्या दिवशी, काय कारण सांगून, कुणाच्या डोळ्यादेखत बदलले ते शोधायचं. हे कसं करायचं ते इथं सांगतोय. उदाहरण म्हणून जॉर्ज ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ घेतोय, मालकाला हाकलून शेत ताब्यात घेणाऱ्या जनावरांची आणि मग त्यांच्यातल्या डुकरांच्या हाती सत्ता गेल्याची गोष्ट, कारण ते छोटं आहे, दहाच प्रकरणं, मराठी भाषांतरं मिळतात, आणि कोल्हापुरात कुठल्याबी पेठेत पाच-सात जण जमवले तर महिना-दीड महिन्यात सावकाश वाचून होतं.

एकट्यानं वाचू नका, ग्रुप करा, आणि ग्रुप करताना सगळे साहित्यवाले घेऊ नका ही माझी पहिली विनंती. एक तरी माणूस असा पाहिजे जो गावातल्या दूध संस्थेच्या नाहीतर कारखान्याच्या वार्षिक सभेला जाऊन बसलेला आहे, एक अकरावी-बारावीचं पोरगं पाहिजे, एखाद्या शिक्षिका मॅडम असतील तर उत्तम, आणि इतिहास वाचलेला एक जण. कारण हे पुस्तक जनावरांचं वाटत असलं तरी ते सभांचं पुस्तक आहे, पहिलं प्रकरणच एक सभा आहे, आणि सभेत काय होतं हे ज्यानं बघितलंय त्याला त्यातल्या अशा गोष्टी दिसतात ज्या कॉलेजात नोट्स काढून दिसत नाहीत. जागा कुठलीही चालते, तालमीचा हॉल, कुणाची गच्ची, शाळेचा वर्ग. पुस्तक विकत घेणं जमत नसेल तर आपल्याकडं वाचनालयांची कमी नाही, करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी सांगायची, पण अर्ध्या तासाच्या वर नको. ऑर्वेलचा जन्म १९०३ चा, बिहारातल्या मोतीहारीचा, वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. तरुणपणी तो ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी होता आणि साम्राज्याचा वीट येऊन त्यानं ती नोकरी सोडली. पुढं स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेला, १९३७ मध्ये गळ्यातून गोळी आरपार गेली, त्यातून वाचला, आणि वाचल्यावर बघतो तर आपल्याच बाजूचे कम्युनिस्ट आपल्याच साथीदारांना गद्दार ठरवून तुरुंगात टाकायलेत. त्याला जीव वाचवून स्पेन सोडावा लागला. हे सांगणं गरजेचं आहे कारण पुस्तक लिहिणारा माणूस क्रांतीचा शत्रू नव्हता, क्रांतीसाठी रक्त सांडलेला होता. नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात त्यानं हे लिहिलं, तेव्हा रशिया ब्रिटनचा मित्र, स्टॅलिनवर टीका कुणाला नको होती, एकामागून एक प्रकाशकांनी नाही म्हटलं, आणि शेवटी १७ ऑगस्ट १९४५ ला पुस्तक बाहेर आलं. बास, एवढं पुरे, आता वाचायला सुरुवात.

कुणी विचारलं की बाबा ही जनावरांची गोष्ट आपण मोठ्या माणसांनी का वाचायची, तर नाथांचं भारूड आठवायला सांगा. विंचू चावला म्हणून जे आपण लहानपणापासून ऐकतोय त्यातला विंचू हा विंचू नाही, काम-क्रोध आहे, हे आपल्या आज्जीला शाळेत न जाता कळत होतं. म्हणजे एका गोष्टीखाली दुसरी गोष्ट चालू असते ही सवय आपल्या लोकांना आधीपासून आहे, ती शिकवत बसायची गरज नाही. फक्त एक फरक लक्षात आणून द्या. भारुडातला विंचू शेवटपर्यंत तोच राहतो, राजकीय रूपकातलं पात्र मात्र प्रकरणागणिक बदलत जातं, पहिल्या प्रकरणात शोषण सोसणारा नवव्या प्रकरणात शोषण करणारा झालेला असतो, त्यामुळं कुठल्या पानावर तो किती सरकला याची नोंद ठेवल्याशिवाय हाती काही लागत नाही.

आता नियम. पहिल्या वाचनात कुठल्याही जिवंत पुढाऱ्याचं, पक्षाचं, गटाचं नाव काढायचं नाही, हे मी फार मनापासून सांगतोय. आपल्याकडं राजकारण घराघरात आहे, भावाभावात पॅनेल वेगळं असतं, आणि एकदा कुणी बोलला की हा नेपोलियन, म्हंजे गोष्टीत पुढं सगळी सत्ता घेणारं डुक्कर, म्हंजे आपले अमुक साहेब, की त्या क्षणी खोलीतला प्रत्येक माणूस आपल्या गटात जाऊन बसतो, अर्धे खूश, अर्धे रागात, आणि पुस्तक बाजूला पडतं. शिवाय त्यात एक मोठं नुकसान असं आहे की वाईट माणूस समोरच्या गटात आहे असं ठरलं की आपण स्वतः त्या गोष्टीत कुठं उभे आहोत हे बघायचं राहूनच जातं. नावं दुसऱ्या वाचनात काढा, तीसुद्धा आधी इतिहासातली.

प्रत्येकाकडं एक वही पाहिजे. वहीच्या पानावर चार उभे रकाने पाडायचे. पहिल्यात मूळ नियम काय ठरला होता, दुसऱ्यात तो कसा बदलला किंवा मोडला, तिसऱ्यात त्याचं काय कारण सांगितलं गेलं, आणि चौथ्यात त्या वेळी कोण काय बोललं, कोण गप्प बसलं. पहिले दोन रकाने पटापट भरतात, कारण ऑर्वेलनं ते स्वच्छ लिहून ठेवलेत. पलंगावर झोपायचं नाही असा नियम होता, तो पलंगावर चादर घालून झोपायचं नाही असा झाला. दारू प्यायची नाही होतं, ते अति प्यायची नाही झालं. जनावरानं जनावराला मारायचं नाही होतं, ते विनाकारण मारायचं नाही झालं. प्रत्येक वेळी एकदोन शब्दच वाढलेत, कुठलाही नियम सुरुवातीला पुसलेला नाही, हे पोरांना स्वतः शोधू द्या, सांगून टाकू नका. शोधल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

खरा वेळ द्यायचा तो दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटाला. मालक जोन्सला हाकलून दिलंय, सात नियम काळ्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहून झालेत, सगळे आनंदात आहेत, आणि गायी हंबरायला लागतात कारण चोवीस तास झाले त्यांची धार काढलेली नाही. डुकरं कशीबशी धार काढतात, पाच बादल्या दूध निघतं. कुणीतरी विचारतं, या दुधाचं काय करायचं? नेपोलियन बादल्यांच्या पुढं येऊन उभा राहतो आणि म्हणतो दुधाचं सोडा, बघून घेऊ, आधी गवत कापायला चला. सगळे कामाला जातात. संध्याकाळी परत येतात तर दूध नाही. प्रकरण संपलं.

घाईत वाचणारा इथून सरळ पुढं जातो, कारण अजून मारामारी नाही, नेपोलियनची कुत्री नाहीत, कत्तल नाही. तुम्ही इथं थांबा. पूर्ण एक संध्याकाळ इथं घालवली तरी चालेल. आणि हे पान कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला जेवढं कळंल तेवढं लंडनच्या वाचकाला कळत नसेल असं मला ठाम वाटतं, कारण आपल्याकडं पहाटे आणि संध्याकाळी किटली घेऊन संस्थेत जाणं, फॅट लावणं, दहा दिवसाचं बिल, दिवाळीच्या तोंडावर येणारा फरक, यावर घरं चालतात, आणि दुधाचा हिशोब विचारला जाणं न जाणं याचा अर्थ गावातल्या बाईमाणसाला पण नीट माहीत असतो. त्यामुळं ग्रुपमधल्या दूधवाल्या माणसाला इथं बोलतं करा. त्याला विचारा, पाच बादल्या दूध समोर आहे आणि अध्यक्ष म्हणतोय नंतर बघू, तर तू काय करशील? आणि मग दुसरा प्रश्न, जो खरा प्रश्न आहे: दूध कुठं जाणार असं विचारणारा एक जण तरी होता, पण संध्याकाळी दूध गायब झाल्यावर परत कुणी विचारलं का? पुस्तकात बघा. दूध गेल्याचं लक्षात आलं एवढंच लिहिलंय. विचारणारा कुणी नाही.

तिसऱ्या प्रकरणात उत्तर मिळतं. दूध डुकरांच्या आंबोणात जात होतं, आणि आता झाडाखाली पडलेली सफरचंदं पण त्यांनाच. इथं एक ओळ आहे जी बहुतेक लोकांच्या नजरेतून निसटते. या बाबतीत सगळ्या डुकरांचं एकमत होतं, स्नोबॉल आणि नेपोलियनचंसुद्धा. डुकरांचे हे दोघं पुढारी बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडतात. म्हणून नेपोलियननं पुढं स्नोबॉलला पळवून लावलं नसतं तर सगळं चांगलं झालं असतं असं जो म्हणंल त्याला ही ओळ परत वाचून दाखवा. चांगला पुढारी आणि वाईट पुढारी यांचं भांडण लागायच्या आधीच दोघांनी मिळून दूध घेतलेलं होतं. ऑर्वेलनं स्वतः डिसेंबर १९४६ मध्ये ड्वाइट मॅकडॉनल्ड या अमेरिकन संपादकाला पत्र लिहून हेच सांगितलं, की गोष्टीला वळण लागतं ते डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवतात तिथं, आणि बाकीच्यांनी तेव्हाच पाय रोवून नकार दिला असता तर पुढचं घडलं नसतं. लेखकानं स्वतः बोट ठेवून दाखवलेली जागा आहे ही, तरी परीक्षेत प्रश्न येतो तो शेवटी नेपोलियन हातात घेतो त्या चाबकावर.

तिसरा रकाना, म्हणजे सांगितलेली कारणं, हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. स्क्वीलर नावाचं जे डुक्कर आहे ते प्रत्येक बदलानंतर येऊन समजावून सांगतं आणि त्याचं बोलणं नीट ऐकलं तर त्यात एक ठरलेला क्रम आहे. आधी म्हणतो हे आम्ही आमच्यासाठी करत नाही, आम्हाला तर दूध आवडतसुद्धा नाही. मग म्हणतो शास्त्रानं सिद्ध झालंय. आणि शेवटी, आम्ही कमी पडलो तर काय होईल माहीत आहे ना, जोन्स परत येईल, तुमच्यापैकी कुणाला जोन्स परत पाहिजे का? हे शेवटचं वाक्य जिथं जिथं येतं तिथं पेन्सिलनं रेघ मारायला सांगा. दुधाला जोन्स, रविवारच्या सभा बंद केल्या तेव्हा जोन्स, पलंगाला जोन्स. जोन्सची भीती खरी आहे, म्हणूनच ती कामाला येते, तो खरोखर वाईट मालक होता आणि खरोखर बंदूक घेऊन परत आला होता. खऱ्या जखमेवर बोट ठेवून प्रश्न बंद करता येतात हे इथं शिकायला मिळतं. पुढं जोन्सचा धाक कमी पडायला लागतो तेव्हा स्नोबॉल नवा जोन्स होतो, जनावरांनी बांधलेली पवनचक्की वादळात पडली तरी स्नोबॉलनं पाडली म्हणायचं.

हे नुसतं गोष्टीत होतं असं कुणी समजू नये म्हणून इथं इतिहासवाल्या माणसाला दहा मिनिटं द्या. १९३६ ते १९३८ मध्ये मॉस्कोत खटले चालले, त्यात झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन ही लेनिनच्या बरोबरीनं काम केलेली माणसं उभी राहून आपण हेर होतो, कटवाले होतो असं कबूल करत होती, आणि त्यांना गोळ्या घातल्या. सातव्या प्रकरणात जनावरं रांगेनं पुढं येऊन न केलेले गुन्हे कबूल करतात ते हे. फ्रान्समध्ये पण तसंच, १७८९ ला सुरू झालेली क्रांती १७९३-९४ च्या दहशतीत आपल्याच माणसांची मुंडकी उडवायला लागली, दांतोन गेला, मग रोबेस्पिएर पण गेला, आणि १८०४ ला राजाच्या जागी सम्राट बसला, नाव नेपोलियन. ऑर्वेलनं डुकराचं नाव उगाच ठेवलेलं नाही.

चौथ्या रकान्यात लोक कचरतात, कारण तिथं आपल्यासारखी माणसं असतात. घाई करू नका, एकेक पात्र घ्या. पहिल्या प्रकरणात उंदरांना आपलं म्हणायचं का यावर मतदान होतं आणि मांजर दोन्ही बाजूंनी मत देऊन मोकळं होतं, ते आधी घ्या, त्यावर सगळे लगेच बोलायला लागतात. मग मेंढरं. नेपोलियननं सभा बंद केल्या तेव्हा चार कोवळी डुकरं उठून विरोध करायला लागली होती, कुत्री गुरगुरली, ती खाली बसली, आणि मेंढरांनी चार पाय चांगले, दोन पाय वाईट हा घोष एवढा वेळ लावून धरला की चर्चाच संपली. आपल्या भागातल्या वार्षिक सभा ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको, विषय वाचून व्हायच्या आत समोरून मंजूर मंजूर मंजूर, मागून नामंजूर, माईक कुणाच्या हातात त्यावर सगळं, आणि घरी जाताना सभासदाला विचारलं की विषय नंबर चार काय होता तर त्याला माहीत नसतं. घोष देणारा प्रत्येक माणूस विकलेला नसतो, कितीतरी जण खरंच मानतात की आपल्या माणसाला साथ देणं म्हंजे संस्था वाचवणं. मेंढरांबद्दल बोलताना ही बाजू पण धरा, नाहीतर चर्चा उगाच कुणाला तरी हिणवण्यात जाते.

बॉक्सर या राबणाऱ्या घोड्यावर पोरं रडतात आणि रडू द्या. पण रडून झाल्यावर विचारा की त्याची दोन वाक्यं कुठली? मी अजून जास्त काम करीन, आणि नेपोलियनचं नेहमी बरोबर असतं. पहिलं वाक्य सद्गुण आहे, दुसरं नाही, आणि दोन्ही एकाच तोंडात एकत्र आली की काय होतं ते नवव्या प्रकरणात दिसतं. तो कोसळतो, दवाखान्यात नेतो म्हणून घोडे कापणाऱ्या खाटकाच्या गाडीत घालतात, आणि थोड्याच दिवसांत डुकरांकडं दारूची पेटी घ्यायला कुठून तरी पैसे येतात.

बेंजामिन गाढवाला मी सहजासहजी सोडत नाही. लोक त्याला शहाणा म्हणतात, सगळं आधीच ओळखणारा म्हणतात. त्याला डुकरांइतकंच चांगलं वाचता येत होतं. भिंतीवरचे नियम बदलले जात होते तेव्हा त्याला वाचता येत होतं. क्लोव्हर घोडीला अक्षरं येतात पण जुळत नाहीत, ती म्हणते मला असं काही आठवत नाही बाबा, आणि मुरिएल शेळीला वाचायला बोलावते, म्हणजे तिला शंका आहे पण पुरावा नाही. बेंजामिनकडं पुरावा आहे आणि तो म्हणतो मी असल्या भानगडीत पडत नाही. तो पहिल्यांदा ओरडून वाचतो ते गाडीवरचं खाटकाचं नाव, तेव्हा बॉक्सर गाडीत घातलेला असतो आणि गाडी निघायच्या बेतात असते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्यामागं हीच काळजी होती की अक्षर एका वर्गाच्या हातात राहिलं की बाकीच्यांना त्यांच्या तोंडाकडं बघत बसावं लागतं. त्या कायद्याला शंभर वर्षं होऊन गेलेल्या शहरात बसून आपण हे वाचतोय, आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला वाचता येतंय, त्यामुळं ग्रुपमध्ये हा प्रश्न आलाच पाहिजे की संस्थेचा अहवाल घरी येतो तो आपण उघडतो का.

पहिलं वाचन झालं, वही भरली, की मग दुसरं वाचन आणि आता नावं जुळवा. ते पटकन होतं. जोन्स म्हणजे रशियाचा झार, उठाव म्हणजे १९१७ ची क्रांती, नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल त्याच्या विरोधातल्या ट्रॉटस्कीच्या जवळ जातो ज्याला १९२९ मध्ये देशाबाहेर घालवलं, पवनचक्कीत पंचवार्षिक योजना दिसतात, अंडी द्यायला नकार देणाऱ्या कोंबड्यांत जमीन आणि धान्य हिसकावलेले शेतकरी, फ्रेडरिकशी लाकडाचा सौदा आणि नंतर त्याचाच हल्ला म्हणजे ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टॅलिन करार आणि जून १९४१ चा हिटलरचा रशियावरचा हल्ला. डुकरं आणि माणसं एका टेबलावर बसतात तो शेवटचा पत्त्यांचा डाव ऑर्वेलनं तेहरान परिषदेवरून घेतला, जिथं स्टॅलिन ब्रिटन-अमेरिकेच्या पुढाऱ्यांबरोबर बसला होता. या यादीवर एक तासाच्या वर घालवू नका. पण क्रॉनश्टाटवर थांबा. मार्च १९२१, क्रॉनश्टाट या रशियन नौदल तळावरचे खलाशी, १९१७ ला जो तळ क्रांतीत पुढं होता तिथले, ते म्हणाले सोव्हिएटच्या, म्हणजे कामगार-शेतकरी-सैनिकांच्या निवडून आलेल्या मंडळांच्या, निवडणुका परत घ्या, गुप्त मतदानानं घ्या, कामगार-शेतकऱ्याला बोलू द्या. त्यांच्यावर लाल सैन्य घातलं गेलं. तेव्हा स्टॅलिन सर्वेसर्वा झालेला नव्हता, लेनिन जिवंत होता, सैन्याचा प्रमुख ट्रॉटस्की होता. आता वहीतलं दुधाचं पान परत काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

या टप्प्यावर ग्रुपमध्ये एक जण हमखास म्हणतो की मग क्रांतीच नको, होतं ते बरं होतं. त्याला उत्तर पुस्तकातून द्या, भाषण देऊ नका. दहावं प्रकरण संपलं की त्याच बैठकीत पहिलं प्रकरण परत मोठ्यानं वाचायचं. म्हातारा मेजर, उठावाचा विचार पहिल्यांदा मांडणारं डुक्कर, जे बोलतो, आपण राबतो आणि आपल्या कष्टाचं दुसरा नेतो, त्यातलं एक अक्षर खोटं ठरलेलं नाही. उलट शेवटी डुकरं नेमकी जोन्ससारखी झाली म्हणून वाईट वाटतं, जोन्स बरा असता तर वाईट वाटलंच नसतं.

टी. एस. एलियट हा मोठा कवी फेबर या प्रकाशन संस्थेत होता, त्यानं १९४४ मध्ये हे पुस्तक नाकारताना पत्रात अशा अर्थाचं लिहिलं की डुकरं बाकीच्यांपेक्षा हुशार आहेतच, तेव्हा राज्य त्यांनीच चालवायचं, फक्त लोकांची जास्त कळकळ असलेली डुकरं पाहिजे होती. हा वाद पूर्ण संध्याकाळभर चालू द्या, ग्रुपचे दोन भाग करून. आपल्याकडं हा विचार फार खोल बसलाय, साहेब चांगले आहेत, आजूबाजूची माणसं वाईट. ऑर्वेलचं म्हणणं वेगळं होतं, त्याच मॅकडॉनल्डच्या पत्रात आहे, की काम झाल्या झाल्या पुढाऱ्याला खाली उतरवायचं कसं हे लोकांना माहीत असेल तेव्हाच क्रांतीतून खरा बदल होतो. माझा कौल ऑर्वेलला आहे. पण एलियटच्या बाजूनं बोलणारा माणूस ग्रुपमध्ये असेल तर त्याला पूर्ण बोलू द्या.

यावरची १९५४ ची कार्टून फिल्म पुस्तकाच्या आधी दाखवू नका. तिला अमेरिकेच्या सीआयएनं गुपचूप पैसा पुरवला होता आणि शेवट बदललाय, त्यात जनावरं परत उठाव करून डुकरांना पाडतात, आणि माणसं आणि डुकरं एकाच टेबलावर बसलेली ओळखू येत नाहीत हा शेवटचा प्रसंग तसा ठेवलेला नाही. का बदलला असेल, कुणाला ते टेबल नको होतं, हे पुस्तक झाल्यावर विचारा. सत्तेबद्दलच्या गोष्टीवर दुसरी सत्ता हात फिरवते त्याचं याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता शेवटचं काम, स्वतःची रूपककथा लिहायची. हे केल्याशिवाय सोडू नका, चार पानं झाली तरी चालतील, एकांकिका करायची असेल तर उत्तमच, आपल्याकडं हौशी नाटकवाली पोरं भरपूर आहेत. डुकरं घेऊ नका, भिंत घेऊ नका, ते ऑर्वेलचं झालं. आपल्या मातीतली संस्था घ्या. मी सुचवीन नदीवरची पाणीपुरवठा संस्था, मोटर, पाइपलाइन, पाण्याची पाळी, आणि सभासद म्हणून म्हशी, बैल, बगळे, गावाकडं उतरून आलेला एखादा राधानगरीचा गवा. पात्रापासून सुरुवात करू नका, नियमापासून करा. पहिला नियम लिहा, पाळी कुणाचीच चुकणार नाही. मग तो कुठल्या वाटेनं बदलणार ते ठरवा, आणि ही वाट आपल्याकडं तयार आहे, प्रोसिडिंग बुक. कुठल्याही वार्षिक सभेची नोटीस काढून बघा, विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आणि सगळ्यात शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. तुमच्या गोष्टीत प्रत्येक वाईट निर्णय ऐनवेळच्या विषयात यायला पाहिजे, लोक चहाला उठल्यावर, आणि पुढच्या सभेत तो इतिवृत्त म्हणून वाचला जाऊन कायम व्हायला पाहिजे. कुणी लपूनछपून काही करत नाही, सगळं सहीनिशी चाललंय.

पुढारी खराच चांगला दाखवा. पहिल्या उन्हाळ्यात त्यानं स्वतः रात्र रात्र मोटरीवर बसून टोकाच्या रानापर्यंत पाणी पोचवलेलं असू दे, जुन्या सावकाराशी भांडताना त्याचं शिंग मोडलेलं असू दे. मग पहिली सवलत त्याला बाकीच्यांनीच प्रेमानं द्यावी, दादा तुम्ही रात्रभर जागता, तुमच्या रानाला पाणी आधी घ्या. ती देताना एकानं तरी विचारावं की किती दिवस? आणि त्याला उत्तर मिळू नये. हे तुमचं दुधाचं पान. ते पहिल्या चौथाईत आलं पाहिजे, उशीर केला तर सगळा दोष शेवटच्या माणसावर जातो. त्यानंतर अजून दोन जागा अशा ठेवा की तिथं कुणी हात वर केला असता तर गाडी थांबली असती, आणि प्रत्येक ठिकाणी हात वर न करायला एक पटण्यासारखं कारण द्या, पोरीचं लग्न आहे, कर्जाला संस्थेची शिफारस पाहिजे, उगाच वाईटपणा कशाला. ही कारणं खोटी किंवा मूर्खपणाची लिहू नका, तुम्हाला स्वतःला जी कारणं पटली असती तीच लिहा.

लिहून झालं की गावात जाऊन वाचून दाखवा, जे दरवर्षी सभेला जातात त्यांच्यासमोर, मोठ्यानं, मध्ये न थांबता. ऐकणारा जिथं म्हणंल की असं कुठं होतं का, तिथं कारण कमी पडलंय, एक ओळ वाढवा. जिथं तो हसून शेजाऱ्याकडं बघंल आणि कुणाचं तरी नाव घेईल, तिथं तुमचं पात्र एका माणसाच्या फार जवळ गेलंय, ते थोडं लांब न्या, नाहीतर बाकीचे सुटतात. आणि पहिली सवलत दिली जाते तिथं कुणीच काही बोललं नाही, सगळ्यांनी मान डोलवली, तर तो भाग आहे तसाच ठेवा, त्यातला एक शब्दसुद्धा बदलू नका, आणि वाचन संपल्यावर तेवढंच पान परत काढून त्यांना विचारा की किती दिवस हे तुमच्यापैकी कोण विचारणार होतं.